भोसरीत खोली भाड्याने देताना भाडेकरू कसा पारखावा

पिंपरी-चिंचवडमधल्या भोसरी, चिखली, मोशी या पट्ट्यात खोली घ्यायला येणारे बहुतेक जण ठेकेदाराकडे कामाला असतात. नवा खोलीमालक त्यांच्याकडे कंपनीचं पत्र आणि पगाराची स्लिप मागतो. ती मिळाली नाही, की त्याला माणूस बेभरवशाचा वाटतो. इथेच चांगले भाडेकरू हातचे जातात. ठेकेदार पत्र देत नाही, आणि स्लिप कोणीही संगणकावर बनवून आणू शकतो.

त्यापेक्षा पीएफचं पासबुक बघा. ते मोबाईलवर दोन मिनिटांत उघडतं. कामगाराच्या वाट्याची कपात मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या 12 टक्के असते. म्हणजे महिन्याला 1,440 रुपये कापले असतील, तर हा पगार 12,000. कपात 1,800 असेल तर पगार 15,000 किंवा त्याहून जास्त, कारण पुष्कळ ठेकेदार 15,000 च्या मर्यादेवरच पीएफ भरतात. मग बँकेच्या तीन महिन्यांच्या नोंदींमध्ये त्याच ठेकेदाराच्या नावाने पैसे जमा होतात का, ते ताडून पाहा.

पासबुकात मधेच एखादा महिना रिकामा दिसला, तर लगेच नाही म्हणू नका. ठेकेदार ‘ब्रेक’ देतो, म्हणजे थोडे दिवस कामावरून कमी करतो आणि मग पुन्हा घेतो. त्यात कामगाराचा दोष नसतो. ब्रेकनंतर महिना-दोन महिन्यांत माणूस याच भागात पुन्हा कामाला लागला का, हे बघायचं. ओव्हरटाइम हिशेबात धरू नका, मंदीत तोच आधी बंद होतो. ओव्हरटाइम वगळून हातात येणाऱ्या पगाराच्या एक तृतीयांशात भाडं आणि लाईट बिल बसायला हवं, कारण गावी पैसे पाठवायचे असतातच. 12,000 वाल्याला 5,000 ची खोली एकट्याने झेपणार नाही. दोघांनी घेतली तर सहज झेपते.

किती जण राहणार, हे जाहिरातीची पाटी लावण्याआधीच ठरवा आणि ते पाण्यावरून ठरवा. पिंपरी-चिंचवडमध्ये 2019 पासून पाणी दिवसाआड येतं. माणशी रोज 135 लिटर धरले, तर चौघांना दोन दिवसांना 1,080 लिटर लागतात. म्हणजे हजार लिटरची टाकी चौघांतच संपते. तीन खोल्यांना मिळून तेवढीच टाकी असेल आणि प्रत्येक खोलीत चौघे घेतले, तर भांडण ठरलेलं, मग भाडेकरू कितीही सज्जन असोत. राहणाऱ्या प्रत्येक प्रौढाचं नाव आणि सही करारात हवी. एकाच्याच नावावर करार केला, की तो गावी निघून जातो आणि खोलीत उरतात ते तिघे, ज्यांची नावंही मालकाला माहीत नसतात.

आधारची झेरॉक्स पुरेशी नाही, झेरॉक्सवर फोटो बदलता येतो. मूळ कार्डावरचा क्यूआर कोड आधारच्या अधिकृत अ‍ॅपने स्कॅन करा आणि आलेलं नाव, पत्ता, फोटो समोरच्या माणसाशी जुळवा. स्वतःकडे ठेवायची प्रत मात्र पहिले आठ आकडे झाकलेलीच घ्या.

आधीच्या खोलीमालकाला फोन कराच. पण सध्याचा मालक नकोशा भाडेकरूची स्तुती करू शकतो, म्हणून त्याच्याही आधीचा नंबर मागा. ‘माणूस कसा आहे?’ असं विचारून काही हाती लागत नाही. भाडं कोणत्या तारखेला यायचं, जाताना लाईट बिल भरलं का, सांगितल्यापेक्षा जास्त लोक राहिले का, असं नेमकं विचारा.

गाव, जात, धर्म, भाषा यांवरून नाही म्हणणं मला चुकीचं वाटतं, आणि त्याने भाडं वेळेवर येत नाही हेही खरं. बीडचा असो की बिहारचा, कागद सगळ्यांना सारखेच मागा. दिवाळीला, छठला, पेरणीला लोक गावी जातात. त्या काळाचंही भाडं लागेल, हे आधीच बोलून घ्या. पगार साधारण 7 ते 10 तारखेला होतो, म्हणून भाड्याची तारीख 10 ठेवा. 1 तारखेचा हट्ट धरलात, तर दर महिन्याला उगाच थकबाकी दिसेल.

नोटरीच्या करारावर थांबू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते ग्राह्य धरलं जातं. उलट सिद्ध करणं मालकावर येतं. लीव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठराविक मुदतीपुरती खोली वापरायला देण्याच्या कराराची, नोंदणी ऑनलाइन होते, महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000 रुपये. मुदत संपूनही खोली सोडली नाही, तर याच कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा वादांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं आणि दुप्पट दराने भरपाई मागता येते. पाणी किंवा लाईट तोडून मात्र कोणाला बाहेर काढता येत नाही, कलम 29 त्याला मनाई करतं. पोलिसांना भाडेकरूची माहिती ऑनलाइन द्यायची ती वेगळी. ती दिली म्हणजे करार झाला, असं नव्हे.

खोली द्यायची नसेल, तर त्याच दिवशी स्पष्ट सांगा आणि टोकन घेतलं असेल तर पूर्ण परत करा. त्या माणसाला महिनाअखेरीस जुनी खोली सोडायची असते, आणि दुसरी शोधायला सुट्टीचा एखादाच दिवस हाताशी असतो.