बुडापेस्टला जाताना टॉवेल घरचाच न्या

बुडापेस्टला जाणाऱ्याने पहिल्या दिवशी संसद भवन बघू नये, आधी हमामात, म्हणजे गरम पाण्याच्या सार्वजनिक स्नानगृहात जाऊन निवांत आंघोळ करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. हे शहर डॅन्यूबच्या काठावर आहे एवढं आपल्याला शाळेपासून माहीत असतं. पण त्याचा जीव आहे तो जमिनीखालच्या गरम पाण्यात. शहराच्या हद्दीत उष्ण पाण्याचे शंभराहून जास्त झरे आहेत. नदीच्या एका अंगाला बुडाच्या टेकड्या, दुसऱ्या अंगाला पेस्टचा सपाट भाग, आणि दोन्हींच्या सांध्यावर जमिनीत मोठी भेग. टेकड्यांच्या चुनखडीत मुरलेलं पावसाचं पाणी खोल जाऊन तापतं आणि त्या भेगेतून वर येतं. सोलापुरात नळाला पाणी कधी येणार यावर आम्ही घरातली कामं ठरवतो. त्यामुळे दिवसरात्र आपोआप वर येणारं ते पाणी बघून माझा जीव अगदी हरखून गेला.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. भाची बुडापेस्टला शिकते, तिच्याकडे मे महिन्यात गेले होते. आपल्याकडे तेव्हा बाहेर पाऊल टाकवत नाही, तिथे अंगात स्वेटर होता.

"आत्या, टॉवेल कशाला घेतेस? तिथे भाड्याने मिळतो."

"मिळू दे. मी आपलाच नेणार."

आम्ही गेलो रुदास हमामात. गेलर्ट टेकडीच्या पायथ्याशी, नदीला लागूनच आहे. 1541 ते 1686 बुडावर तुर्कांचं राज्य होतं, त्या काळातलं हे बांधकाम. मंगळवार होता, आत फक्त बायका. मधोमध अष्टकोनी हौद, भोवती आठ जाडजूड खांब, वर घुमट. घुमटात लहान लहान झरोके, त्यांत रंगीत काचा बसवलेल्या. वाफेतून लाल-हिरवे कवडसे खाली पाण्यावर उतरतात. मोठ्या हौदाचं पाणी 36 अंश, आणि चार कोपऱ्यांतल्या हौदांचं 28, 30, 33 आणि 42. बायका या हौदातून त्या हौदात जात होत्या, काठाला टेकून गप्पा मारत होत्या. आम्ही सोडलो तर पर्यटक जवळपास नव्हतेच. गुडघेदुखीसाठी डॉक्टर चिठ्ठी देतात, सरकारी आरोग्य विम्यातून खर्चाचा भार हलका होतो, म्हणून म्हाताऱ्या बायका नेमाने येतात. जवळजवळ साडेचारशे वर्षांची वास्तू, आणि लोक तिथे दुखणी शेकायला येतात. मला हे फार मोलाचं वाटलं.

माझ्यासाठी आणखी एक गोष्ट होती. आपण ज्याला टेरी टॉवेल म्हणतो, तो मुळात तुर्की हमामातला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हेन्री ख्रिस्टी नावाचा इंग्रज तुर्कस्तानात गेला, तिथला लूपवाला, म्हणजे अंगावर सुताचे उभे वळसे असलेला टॉवेल त्याला आवडला. मग इंग्लंडमध्ये तो यंत्रावर विणला गेला आणि 1851 च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात मांडला गेला. आज सोलापूरच्या टेरी टॉवेलला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे. आमच्या मागावर ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे दोन बीम (रूळ) असतात, एक घट्ट ताणलेला, दुसरा सैल सोडलेला. त्या सैल ताण्यातूनच लूप उभे राहतात. ही सगळी विद्या कुठल्या गरजेतून आली, ते त्या घुमटाखाली ओल्या अंगाने उभी राहिले तेव्हा मला नीट उमगलं. पातळ पंचा तिथे पुरत नाही.

बाहेरच्या बाकावर केस पुसत बसले होते. शेजारी सत्तरीच्या पुढच्या एक बाई. त्यांनी हात पुढे करून माझ्या टॉवेलचा कोपरा धरला. आधी लूपवरून अंगठा फिरवला, मग टॉवेल उलटा केला, मग किनारीची शिवण नखाने ओढून बघितली. भाचीला काहीतरी म्हणाल्या.

"आत्या, त्या विचारतायत, एवढा जाड असून मऊ कसा?"

"लूपचं सूत कमी पिळाचं आहे म्हणून, सांग. पीळ कमी तर पाणी जास्त ओढतं."

बाईंनी मान हलवली. तरुणपणी त्या कापड गिरणीत कामाला होत्या म्हणे. मग कितीतरी वेळ आम्ही दोघी बोलत बसलो आणि भाची मध्ये दमून गेली.

बाकीचं शहर थोडक्यात सांगते. संसद भवन आणि सेंट स्टीफनचं चर्च, दोन्हींची उंची 96 मीटर, कारण मॅग्यार, म्हणजे हंगेरियन लोक 896 च्या सुमाराला या भूमीत आले असं मानतात. रात्री दिव्यांत संसद भवन बघायचं तर नदीकाठाने जाणारी दोन नंबरची ट्राम धरा. आंद्राशी रस्त्याखालची मेट्रो 1896 ची आहे. रस्त्यावरून थोड्या पायऱ्या उतरलं की फलाट, पांढऱ्या टाइलच्या भिंती, छोटे पिवळे डबे, धरायला चामड्याचे पट्टे. त्यात दप्तरवाली पोरं आणि भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका. जागतिक वारशात नाव आहे, तरी रोजची धावाधाव चालूच.

1897 च्या मोठ्या मंडईत मात्र वेळ काढून जा. पाप्रिकाच्या माळा लटकलेल्या असतात. तिखट आणि गोडसर अशी दोन्ही पूड घ्या. गोडसर पुडीला रंग झकास येतो, पण शेंगाचटणीत ती चालत नाही, मी करून बघितली. शाकाहारी माणसाने वरच्या मजल्यावर लांगोश खावा. तळलेली जाड पुरी, वर लसणाचं पाणी, आंबट साय आणि किसलेलं चीज. एकात दोघींचं पोट भरतं.

परत आल्यावर कारखान्यात जुन्या विणकरमामांना हमामातली हकीगत सांगितली. ते साळी, आयुष्य मागावर गेलेलं. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "त्या बाईनं किनार बघितली का?"

"बघितली की. नखानं ओढून."

"मग कळतंय तिला," मामा म्हणाले, आणि तिच्यासाठी एक जोड वेगळा विणायला घेतला. भाची दिवाळीला येणार आहे, जाताना तिच्याबरोबर द्यायचाय.