आमची वाटचाल : भाऊसिंगजी रोडच्या बोळातील एक छापखाना

कोल्हापुरातील आमचा छापखाना पहिल्या महायुद्धाच्या काळात, भाऊसिंगजी रोडला लागून असलेल्या एका बोळात सुरू झाला आणि आज चौथ्या पिढीतही त्याच परिसरात छपाईचेच काम करीत आहे. व्यवसायाची वाटचाल लिहिताना मालकाचे कष्ट, यंत्रांची खरेदी आणि वाढत गेलेली उलाढाल यांची नोंद करण्याची पद्धत आहे. तीही मी पुढे करणार आहे. परंतु आमच्याकडील जुन्या नमुनावह्या चाळताना माझी खात्री झाली आहे की, नगरपालिका, विद्यार्थी वसतिगृहे, तालमी, गायनसंस्था आणि शाहूपुरीतील गुळाचे अडते यांनी आपापली लहानमोठी कामे विश्वासाने आमच्या हाती दिली, म्हणूनच हा व्यवसाय उभा राहिला. त्यामुळे या लेखातील मोठा भाग त्या काळच्या शहराविषयी आहे, आणि तो तसाच असणे मला उचित वाटते.

नमुनावही म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. छापून दिलेल्या प्रत्येक कामाची एक प्रत पणजोबा खळीने जाड वहीत चिकटवीत आणि तिच्याखाली गिऱ्हाइकाचे नाव, प्रतींची संख्या, कागदाची जात आणि ठरलेला दर मोडीत लिहून ठेवीत. पुन्हा तेच काम आले की वही उघडावयाची आणि त्याच खिळ्यांत, म्हणजे शिशाच्या अक्षरठशांत, त्याच मापात जुळणी करावयाची, एवढाच त्यामागचा व्यावहारिक हेतू होता. शंभर वर्षांनी त्याच वह्या शहराच्या सार्वजनिक जीवनाची नोंद ठरतील, असे त्यांच्या मनातही आले नसणार.

पणजोबांनी धंदा सुरू केला तेव्हाचे कोल्हापूर झपाट्याने बदलत होते. १८९१ मध्ये मिरजेहून रेल्वे आली. १८९४ मध्ये शाहू महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला आणि पुढच्याच वर्षी स्टेशनाच्या बाजूला शाहूपुरी ही नवी व्यापारपेठ वसविण्यास सुरुवात झाली. १९०६ मध्ये शाहू मिलची पायाभरणी झाली, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत राधानगरीच्या धरणाचे काम हाती घेण्यात आले. व्यापारी वाढले, संस्था वाढल्या, कचेऱ्यांतील लिखापढी वाढली, आणि या प्रत्येकाला छापील कागद लागू लागला. दरबाराचा स्वतःचा छापखाना होता आणि करवीर सरकारचे गॅझेट तेथे निघे. त्याखेरीज शहरात जे सुटे काम असे, त्यावर आमच्यासारख्या लहान छापखान्यांची गुजराण चाले.

आमचे पहिले मोठे गिऱ्हाईक म्हणजे गुळाची पेठ. शेतकऱ्याने गाडीतून आणलेला गूळ अडत्याच्या दुकानी उतरे, सौदा होई आणि त्यानंतर शेतकऱ्याच्या हाती हिशेबाची पट्टी पडे. ही पट्टी हा आमच्या वह्यांतील सर्वाधिक वेळा छापलेला कागद आहे. तिच्यावर वरच्या बाजूस श्रीकार आणि पेढीचे नाव, त्याखाली शेतकऱ्याचे नाव आणि गाव, मग रव्यांची, म्हणजे गुळाच्या ढेपांची, संख्या, वजन, दर आणि एकूण रक्कम अशी घरे, आणि त्यानंतर वजावटीची घरे असत : अडत, तोलाई, हमाली, गाडीभाडे आणि शेवटी धर्मादाय. मथळे बालबोध (देवनागरी) लिपीत छापलेले आणि आकडे व नावे मोडीत हाताने भरलेली, असा तो दुहेरी कागद होता. छापील पट्टीमुळे एक महत्त्वाची गोष्ट घडली. तोवर तोंडी सांगून कापल्या जाणाऱ्या रकमांना आपापले ठरलेले घर मिळाले, आणि अक्षरओळख नसलेला शेतकरीसुद्धा गावातील मास्तरांकडून कोणत्या घरात किती रक्कम पडली आहे, हे वाचून घेऊ शकला.

त्यातील ‘धर्मादाय’ या शेवटच्या घराविषयी थोडे थांबून लिहावेसे वाटते. या घरात पडणारी रक्कम प्रत्येक पट्टीवर अगदी किरकोळ असे, पण हंगामभर साठत जाऊन ती मोठी होई आणि तिच्यातून पाणपोई, धर्मशाळा, उत्सव, तालमीतील पैलवानांचा खुराक, वसतिगृहाची देणगी अशी कामे चालत. देणगीच्या पाटीवर मात्र नाव लागे ते पेढीचे. माझ्या मते शहराच्या अनेक संस्थांच्या उभारणीत गावोगावच्या ऊस पिकविणाऱ्या शेतकऱ्यांचा हा वाटा होता, आणि त्याची दखल जेवढी घ्यावयास हवी होती तेवढी कोठेच घेतली गेलेली नाही. व्यापाऱ्यांचे श्रेय मी नाकारीत नाही. पैसा गोळा करणे, त्याचा हिशेब ठेवणे आणि तो योग्य ठिकाणी पोहोचविणे हेही काम होते आणि ते त्यांनी केले. परंतु पट्टी आम्हीच छापत होतो, तेव्हा ती रक्कम मुळात कोणाच्या हिशेबातून निघत होती, हे सांगणे मी आमचे कर्तव्य मानतो.

वसतिगृहांचे काम हा आमच्या व्यवसायाचा दुसरा आधार होता. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि दिगंबर जैन बोर्डिंग निघाले, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. पुढे जवळजवळ प्रत्येक समाजाचे वसतिगृह या शहरात उभे राहिले, आणि आज दसरा चौकात उभे राहून पाहिले तरी त्यांतील कित्येकांच्या इमारती एका नजरेत येतात. महाराजांनी जागा दिल्या, उत्पन्ने लावून दिली. पण रोजचा कारभार त्या त्या समाजातील वकील, शिक्षक, व्यापारी आणि दरबारातील अधिकारी यांच्या कमिट्या पाहत. कमिटी म्हटली की सभेची सूचना, वर्गणीचे पावतीपुस्तक आणि वर्षाअखेरचा अहवाल ही तीन कामे ठरलेली.

अहवालाच्या छपाईतील सर्वांत अवघड भाग देणगीदारांच्या यादीचा असे. कोणाचे नाव आधी आणि कोणाचे नंतर, कोणाला ‘रावबहादूर’ लावावयाचे आणि कोणाला केवळ ‘रा. रा.’, यावरून कमिटीत रुसवेफुगवे होत आणि त्याचा राग पुष्कळदा छापखान्यावर निघे. अशा प्रसंगांतून पणजोबांनी एक नियम ठरविला : देणगीदारांची यादी एकतर रकमेच्या उतरत्या क्रमाने छापली जाईल, नाहीतर अकारविल्हे, तिसरा क्रम आमच्याकडे होणार नाही. रकमेचा क्रम लावला तरी आठ आणे देणाऱ्याचे नाव ज्या खिळ्यांत, त्याच खिळ्यांत शंभर रुपये देणाऱ्याचे नाव असे. हा नियम मान्य नसलेली काही कामे दुसरीकडे गेली. तथापि ज्यांना तो मान्य झाला त्या संस्था पुढे पिढ्यान्‌पिढ्या आमच्याकडे राहिल्या, आणि तो नियम आम्ही आजही पाळतो.

नगरपालिकेची स्थापना १८५४ ची, म्हणजे आमच्या छापखान्यापेक्षा ती पुष्कळच जुनी. विसाव्या शतकाच्या आरंभी तिचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्यांत भास्करराव जाधव यांचे नाव अग्रभागी येते. हेच भास्करराव १९११ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाचे नेते होते आणि पुढे मुंबई इलाख्यात मंत्रीही झाले. एकच माणूस सकाळी कचेरीत अधिकारी, दुपारी शिक्षणसंस्थेच्या बैठकीत सभासद आणि संध्याकाळी एखाद्या व्याख्यानाचा अध्यक्ष, हे त्या काळच्या लहान शहराचे वैशिष्ट्यच होते. त्याचा आमच्या धंद्यावर थेट परिणाम होई. एका ठिकाणी वेळेवर आणि निर्दोष काम दिले की त्याची वार्ता दोन दिवसांत चार ठिकाणी पोहोचे, आणि एका ठिकाणी शुद्धलेखनाची चूक राहिली की तीही तितक्याच वेगाने पोहोचे. जाहिरातीवर आम्ही त्या काळात काही खर्च केल्याचे हिशेबात दिसत नाही, याचे कारण हेच आहे.

१९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले. मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंडाची तरतूद होती. कायदा कागदावर राहू द्यावयाचा नसेल तर गावोगाव मुलांच्या याद्या हव्यात, हजेरीपत्रके हवीत, नोटिसा हव्यात. दरबारच्या छापखान्याला न पेलणारा अशा कामाचा थोडा वाटा बाहेर आला आणि त्यातील काही आमच्याकडे आला. त्या वर्षांतील हजेरीपत्रकांचे नमुने आजही वहीत आहेत : आडवा फुलस्केप कागद, डावीकडे नावासाठी रुंद रकाना आणि पुढे तारखांची बारीक घरे. ती घरे पाडण्यासाठी पितळी रूळ लागत आणि एक पान जुळविण्यास कंपोझिटरचा, म्हणजे खिळे जुळविणाऱ्या कारागिराचा, सबंध दिवस जाई. अशा कामात नफा थोडाच सुटे, आणि एका कचेरीकडील बिल तर इतके लांबले की कागदवाल्याचे देणे फेडण्यासाठी पणजीच्या पाटल्या सावकाराकडे ठेवाव्या लागल्या. तरीही ज्या कागदावर खेड्यातील मुलांची नावे पहिल्यांदा लिहिली गेली, तो आमच्या यंत्रावर छापला गेला, याचा आमच्या घराला वाटणारा अभिमान आजही तेवढाच आहे.

संध्याकाळचे कोल्हापूर वेगळे होते आणि त्याचेही काम आमच्याकडे येई. १८८३ मध्ये सुरू झालेल्या देवल क्लब या गायनसंस्थेत गाणे रंगे. १८९५ मध्ये गायक अल्लादिया खाँसाहेब दरबारात आल्यानंतर या शहराच्या कानालाच वेगळे वळण लागले होते. रोमचे प्राचीन क्रीडागार पाहून आलेल्या महाराजांच्या कल्पनेतून १९१२ मध्ये खासबागेचे कुस्ती मैदान तयार झाले आणि त्याच्या शेजारीच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभे राहिले. गाण्याच्या बैठकीचे निमंत्रण जाड, किंचित पिवळसर कागदावर बारीक खिळ्यांत, तर कुस्त्यांचे हँडबिल रंगीत पातळ कागदावर लाकडी ठशांच्या अक्षरांत, हा भेद पणजोबांनी कटाक्षाने पाळला. कुस्तीच्या हँडबिलात पैलवानाच्या नावाआधी त्याच्या तालमीचे नाव असलेच पाहिजे, असा तालमीच्या वस्तादांचा आग्रह असे आणि तो रास्तच होता, कारण कोल्हापुरात तालीम म्हणजे त्या पेठेचे सार्वजनिक घर. कुस्तीबरोबरच गणपती, मोहरमचे पंजे, पेठेतील भांडणाचा निवाडा, अडल्यानडल्याची मदत हे सारे तालमीच्या कट्ट्यावर होई.

याच भाऊसिंगजी रोडवर गंगाराम कांबळे यांचे चहाचे दुकान होते. राजवाड्याच्या पागेत काम करणाऱ्या गंगारामांना हौदाचे पाणी शिवल्यावरून मारहाण झाली. त्यानंतर महाराजांच्या मदतीने त्यांनी हे दुकान काढले आणि महाराज स्वतः गाडी थांबवून तेथील चहा घेत व बरोबरच्या मंडळींनाही देत. व्यवसायाच्या इतिहासात या दुकानाला मी फार वरचे स्थान देतो. भांडवल आणि गिऱ्हाईक या दोहोंच्या आड जात उभी असताना केवळ दुकान काढण्याचा हुकूम पुरेसा नव्हता. पहिले गिऱ्हाईक कोण होते, यालाच खरे महत्त्व होते. आमच्यासारख्या घराला धंदा सुरू करताना अशा अडथळ्याला कधीच तोंड द्यावे लागले नाही, हे या वाटचालीत स्पष्ट नमूद व्हावयास हवे.

बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी आणि नंतर १९२९ मध्ये निघालेली प्रभात यांच्यामुळे शहरात चित्रपटाचा धंदा आला. आमच्याकडे त्यातील तिकिटे आणि किरकोळ पावत्या एवढेच काम आले. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली तेव्हा अनेक छोट्या धंद्यांना जो फटका बसला, त्यातून आम्ही याच कारणाने वाचलो.

१९२२ मध्ये शाहू महाराज गेले आणि १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. आजोबांच्या काळात हाताचा प्रेस जाऊन ट्रेडल, म्हणजे पायाने चालविण्याचे छपाईयंत्र आले, वडिलांच्या काळात खिळे ठेवण्याच्या केसी (खणांच्या पेट्या) मोडीत निघून ऑफसेट आले. मोडी वाचणारे कारकून संपले तसे गुळाच्या पट्ट्यांचे स्वरूप बदलले, आणि पुढे बाजार मार्केट यार्डात गेल्यावर ते काम हळूहळू कमी झाले. २०१९ च्या महापुरात शाहूपुरीतील आमच्या गोदामात पाणी शिरून कागदाचा मोठा साठा वाया गेला. नमुनावह्या बोळातील माळ्यावर असल्यामुळे वाचल्या, पण त्या वर्षी त्यांच्याविषयी वाटलेली धास्ती पुढे कामाला आली. आम्ही त्या वह्यांची पाने एकेक करून स्कॅन करण्यास घेतली. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह, म्हणजे जुने पॅलेस थिएटर, आगीत सापडले तेव्हा तर हे काम लवकर पूर्ण करण्याची निकड आम्हा सर्वांना अधिकच जाणवली.

सध्या माझी मुलगी संगणकावरील मांडणीचे काम पाहते आणि संस्थांचे वार्षिक अहवाल तिच्याच हाती आहेत. वसतिगृहे, वाचनालये, पतसंस्था आणि तालीम मंडळे यांच्या अहवालांसाठी आम्ही इतर कामांपेक्षा कमी दर लावतो. स्कॅन झालेल्या पानांपैकी ज्या संस्थेचे जे असेल ते त्या संस्थेला विनामूल्य देण्यास सुरुवात केली असून, दोन वसतिगृहांना त्यांच्याकडे उपलब्ध नसलेल्या जुन्या अहवालांची काही पाने त्यातून परत मिळाली आहेत. कोल्हापुरातील ज्या संस्था त्या काळापासून चालू आहेत, त्यांच्या पदाधिकाऱ्यांनी कार्यालयीन वेळेत छापखान्यात यावे. मोडीतील नोंदी वाचून देण्यासाठी एक जाणकार गृहस्थ दर शनिवारी दुपारी आमच्याकडे बसतात.