लस टोचली होती, सही नव्हती

आमचा कुत्रा शेरू शेजारच्या वहिनींच्या कुत्र्याला, चिकूला, चावला. जखम, औषध, बिल हे सगळं त्याच संध्याकाळी मार्गी लागलं. डोकं उठवलं ते एका सहीने.

चिकूच्या डॉक्टरांनी रेबीजचा बूस्टर लगेच टोचला, कागदासाठी अडून बसले नाहीत. अडून बसूही नये. पण वहिनींना धीर नव्हता. "तुमच्या शेरूचं सर्टिफिकेट दाखवा", एवढंच त्यांचं म्हणणं, आणि ते रास्तच होतं. मी पुस्तिका काढली. लसीच्या बाटलीचं स्टिकर होतं, बॅच नंबर होता, तारीख होती. सहीच्या जागी मात्र निळ्या पेनाचं नुसतं टिंब. शिक्का नाही, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नाही.

लस जिथे टोचली त्या गोव्यातल्या फोंड्याच्या क्लिनिकमध्ये गेलो. काउंटरवरची मुलगी मोबाईलवरून नजर न काढता म्हणाली, "डॉक्टर आयज ना. फाल्यां येयात." म्हणजे आज नाहीत, उद्या या. फाल्यां गेलो, तर डॉक्टर ऑपरेशनला. मग रजिस्टर वरच्या खोलीत, खोलीची चावी कंपाउंडरकडे आणि कंपाउंडर शिरोड्याला कुणाची तरी गाय बघायला. शेवटी चावी आली तर नवंच खुसपट: लस टोचणारे डॉक्टर आता इथे नाहीत, त्यांची सही आम्ही कशी करणार? अहो, त्यांची सही कोण मागतंय? तुमच्या रजिस्टरप्रमाणे लस दिली आहे, एवढं लिहून तुमची सही करा! इकडे रोज संध्याकाळी कुंपणापलीकडून वहिनींचा प्रश्न ठरलेला, "मिळालं का हो?"

सुटका झाली ती फोनमधल्या यूपीआयच्या जुन्या नोंदीमुळे. पैसे भरल्याची तारीख आणि स्टिकरवरची तारीख एकच. ती दाखवल्यावर डॉक्टरांनी स्वतः रजिस्टर उघडलं आणि चहा निवायच्या आत दाखला हातात दिला. म्हणून सांगतो, लस टोचून झाली की काउंटरवरच पुस्तिका उघडून बघा: सही, शिक्का, नोंदणी क्रमांक, पुढची तारीख. 2021 मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं, तरी कागद मागायचं कुणी सोडत नाही.

चावणाऱ्या कुत्र्यावर 10 दिवस नजर ठेवायला सांगतात. शेरूला आम्ही मागच्या पडवीत बांधून ठेवलं. आणि हो, झुंज सोडवताना तोंडाकडे हात अजिबात घालू नका. आम्ही बादलीभर पाणी ओतलं, तेव्हा शेरूने जबडा सोडला. जखमेला हळद फासू नका, साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. चिकूच्या मानेवर वरून दोनच बारीक भोकं दिसत होती. डॉक्टरांनी केस कापले तर आत कातडी मांसापासून सुटलेली. अशी जखम घट्ट शिवली तर आत पू धरतो, म्हणून घाण वाहून जायला त्यांनी बारीक नळी ठेवली.

बिल वहिनींच्या हातात रोख न देता थेट दवाखान्यात भरा आणि पावतीचा फोटो काढून ठेवा. वहिनींचे थोरले दीर डिचोलीहून "पोलिसांत जातो" म्हणत आले, तेव्हा मी तो फोटो आणि नवा दाखला पुढे केला. भारतीय न्याय संहितेचं कलम 291 पाळलेल्या जनावरामुळे माणसाच्या जिवाला किंवा त्याला गंभीर दुखापत होण्याचा धोका निर्माण करणाऱ्या हयगयीबद्दल आहे, हे त्यांना वहिनींनीच ऐकवलं.