ब्राउझर बदलण्याआधी नीट मोजून घ्या

'क्रोम जड झालाय, एजवर ये, पळतो बघ,' हा सल्ला ऑफिसात सर्रास मिळतो. गंमत अशी की दोघांच्या पोटात पान वाचून पडद्यावर मांडणारं इंजिन एकच आहे: ब्लिंक. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये एज क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्याच खुल्या पायावर, नेला. ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी हेही त्याच घरचे. खरोखर वेगळी इंजिनं उरली ती फायरफॉक्सचं गेको आणि सफारीचं वेबकिट, आणि ब्लिंकही २०१३ साली वेबकिटमधूनच फुटून निघालेलं. त्यामुळे क्रोम आणि एजमध्ये जमीन-अस्मानाचा फरक दिसत असेल, तर बहुधा एकात चौदा एक्स्टेन्शन्स (वरून जोडलेल्या छोट्या सोयी) आणि चार वर्षांचा गाळ आहे आणि दुसरा कोरा आहे, एवढंच.

म्हणून मोजताना दोन्ही ब्राउझर कोरे हवेत. प्रत्येकात नवीन प्रोफाइल काढा (फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या पट्टीत 'अबाउट:प्रोफाइल्स' इंग्रजीत टाइप करून), एक्स्टेन्शन एकही नको. लॅपटॉप चार्जरला लावा, बॅटरी सेव्हर बंद करा, खिडकी पूर्ण मोठी ठेवा. मग 'स्पीडोमीटर ३' चालवा. मार्च २०२४ मध्ये आलेली ही चाचणी तिन्ही इंजिनांच्या टीम्सनी मिळून बनवली आहे. कामांची यादी, आलेख, मजकूर संपादक, बातम्यांची साइट अशा नेहमीच्या वापराची ती नक्कल करते. आकडा जितका मोठा तितकं चांगलं, आणि शेजारी 'अधिक-उणे' दिलेलं असतं तेही वाचा. पातळ लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, म्हणून एकाच ब्राउझरच्या सलग तीन फेऱ्या घेऊन मग दुसऱ्याकडे वळलात तर दुसऱ्यावर अन्याय होतो. आलटून पालटून घ्या, मध्ये पाच मिनिटं थांबा आणि मधला आकडा धरा. पाच टक्क्यांच्या आतला फरक माझ्या मते विसरून जावा. रोजच्या वापरात तो कुणाला कळत नाही.

उघडण्याचा वेग मोजताना एक फसगत होते. एजमध्ये 'स्टार्टअप बूस्ट' नावाची सोय आहे, ती संगणक सुरू होतानाच ब्राउझरचा काही भाग मागे चालू करून ठेवते. मग क्लिक केल्यावर तो झटकन उघडणारच! सेटिंगमधल्या सिस्टीमच्या पानावर ती बंद करा. क्रोममध्येही ब्राउझर बंद केल्यावर मागे ॲप्स चालू ठेवण्याचा पर्याय आहे, तोही बंद करून मगच तुलना करा.

एवढं करूनही पान हळू उघडत असेल तर एफ १२ दाबा, 'नेटवर्क' टॅबमध्ये 'डिसेबल कॅश'वर खूण करा आणि पान पुन्हा लोड करा. सर्वात वरच्या ओळीवर क्लिक करून 'टायमिंग' पाहा. सर्व्हरच्या उत्तराची वाट बघण्यातच दीड सेकंद जात असेल आणि दुसऱ्या ब्राउझरमध्येही तेवढाच जात असेल, तर ब्राउझरला बोल लावून उपयोग नाही. खालच्या पट्टीत एकूण विनंत्या आणि उतरवलेला डेटा दिसतो. जाहिरातींनी गच्च भरलेल्या बातम्यांच्या साइटवर हा आकडा आधी जाहिराती अडवणाऱ्या ब्लॉकरशिवाय आणि मग ब्लॉकर लावून बघा. इंजिन बदलून जे मिळत नाही ते इथे मिळतं. यात फायरफॉक्सचं पारडं जड आहे: यूब्लॉक ओरिजिन हे ब्लॉकर एक्स्टेन्शन तिथे पूर्ण ताकदीने चालतं. क्रोममध्ये एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यापासून 'लाइट' आवृत्तीवर भागवावं लागतं. ब्रेव्हमध्ये ब्लॉकर अंगचाच आहे.

४ किंवा ८ जीबी रॅमच्या मशीनवर खरा प्रश्न मेमरीचा असतो. सुरक्षेसाठी क्रोम २०१८ पासून वेगवेगळ्या साइट्स वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये (स्वतंत्र चालणाऱ्या कामांत) ठेवतो, फायरफॉक्सही पुढे त्याच वाटेने गेला. म्हणून 'एवढ्या प्रोसेस कशाला' ही तक्रार व्यर्थ आहे. कोण किती खातंय ते बघायला क्रोम आणि एजमध्ये शिफ्ट-एस्केप दाबा, फायरफॉक्समध्ये 'अबाउट:प्रोसेसेस' उघडा. क्रोममधलं 'मेमरी सेव्हर' आणि एजमधलं 'स्लीपिंग टॅब्स' चालू ठेवाच, पण अर्धवट भरलेल्या फॉर्मची साइट त्यांच्या अपवादांच्या यादीत टाका. क्रोमने झोपवलेला टॅब परतल्यावर नव्याने लोड होतो, आणि ऑनलाइन अर्जाचं लॉगिन तेवढ्यात संपलेलं असेल तर सगळं पहिल्यापासून.

यूट्यूब लावल्यावर पंखा घोंघावतो, त्याचं कारण बहुतेकदा एव्ही१. हा कोडेक (व्हिडिओ दाबून लहान करण्याची पद्धत) हार्डवेअरवर उलगडायची सोय इंटेलच्या ११व्या पिढीपासून आली. त्याआधीच्या प्रोसेसरवर सगळा भार सीपीयूवर पडतो. व्हिडिओवर उजवं क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा. कोडेकच्या ओळीत 'एव्ही०१' असेल तर यूट्यूबच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये एव्ही१ फक्त साध्या दर्जासाठी ठेवा. मोठ्या दर्जाला व्हीपी९ हा दुसरा कोडेक येईल, जो ७व्या पिढीपासून हार्डवेअरवर चालतो. फायरफॉक्समध्ये 'अबाउट:कॉन्फिग'मधून एव्ही१ पूर्ण बंदही करता येतो.

मराठी वाचणाऱ्यांसाठी फायरफॉक्समध्ये एक सोय आहे, तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही: फॉन्टच्या 'ॲडव्हान्स्ड' खिडकीत देवनागरीसाठी वेगळा फॉन्ट आणि किमान आकार ठरवता येतो. ज्या साइटने स्वतःचा फॉन्ट दिलेला नाही तिथे अक्षरं लगेच सुधारतात. क्रोममध्ये लिपीनुसार फॉन्ट निवडायला वेगळं एक्स्टेन्शन घ्यावं लागतं.

एज मात्र एका कामासाठी ठेवा. जुन्या ऑफिस पोर्टलना अजून इंटरनेट एक्सप्लोरर (आयई) लागतो, आणि तो जून २०२२ मध्ये निवृत्त झाला. एजच्या 'डीफॉल्ट ब्राउझर' सेटिंगमध्ये आयई मोडला परवानगी देऊन त्या साइटचा पत्ता यादीत टाका. नोंद ३० दिवसांनी आपोआप उडते, मग पोर्टल अचानक 'बिघडतं' आणि लोक पासवर्ड बदलत बसतात.

आयफोनवर वेगाची तुलना करत बसू नका. युरोपियन युनियन आणि जपानबाहेर तिथल्या क्रोम, फायरफॉक्स, एज सगळ्यांना वेबकिटच वापरावं लागत आलं आहे. तिथे पासवर्ड आणि बुकमार्क तुमच्या संगणकाशी कोण जुळवतं तेवढं बघून निवडा.