मोटारीतला दवाखाना

संक्रांत नुकतीच झाली होती. १५ जानेवारीला तिळाच्या लाडवांचा डबा घेऊन मी कार्यालयात गेले, तेव्हा आमच्या विभागातल्या एक ज्येष्ठ सहकारी बाई गुलाबी कोट, पोपटी रुमाल आणि गळ्यात मोत्यांचा सर अशा थाटात बसलेल्या दिसल्या. घरी लग्नकार्य आहे का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "आज आमच्या सोरोरिटीचा स्थापना दिवस. मोती मोजून पाहा, वीस भरतील. एकेका संस्थापिकेचा एकेक." बाईंची साठी केव्हाच उलटली आहे. सोरोरिटी म्हणजे महाविद्यालयातल्या मुलींच्या मेजवान्या आणि रुसवेफुगवे, एवढीच माझी समजूत असल्यामुळे या वयात त्यांना तिचे काय कौतुक, असे मनात आले. मेरीलँडमध्ये इतकी वर्षे राहून, वॉशिंग्टन हाकेच्या अंतरावर असूनही मला यातले काही ठाऊक नव्हते, याची आता थोडी लाज वाटते.

या शब्दाला मराठीत 'भगिनी मंडळ' म्हणावे, तर डोळ्यांपुढे हळदीकुंकू आणि पाककृती स्पर्धा उभ्या राहतात. पण कृष्णवर्णीय स्त्रियांच्या सोरोरिटीला त्यातल्या त्यात जवळचा शब्द तोच आहे, कारण तिचे सदस्यत्व पदवीबरोबर संपत नाही. मुलगी शिकून शिक्षिका होते, डॉक्टर होते, दुसऱ्या गावी जाते आणि तिथल्या पदवीधरांच्या शाखेत काम करू लागते. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १५ जानेवारी १९०८ रोजी एथेल हेजमन आणि तिच्या आठ मैत्रिणींनी 'अल्फा कप्पा अल्फा' स्थापन केली, तेव्हा गुलामगिरी कायद्याने संपून जेमतेम बेचाळीस वर्षे झाली होती आणि पदवीपर्यंत पोहोचलेल्या काळ्या मुली मूठभरच होत्या. कृष्णवर्णीय विद्यार्थिनींची ग्रीक अक्षरांचे नाव घेतलेली ही पहिली संस्था. पाठोपाठ आणखी सात जणी आल्या, १९१३ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी करणाऱ्या चौघींची त्यात भर पडली आणि बाईंच्या गळ्यातला हिशेब पूर्ण झाला.

ही नोंदणी भांडणातून झाली, हे वाचून मला हसू आले, कारण मंडळे फुटण्याची तऱ्हा सगळीकडे सारखीच असते. १९१२ च्या सुमारास विद्यापीठातल्या बावीस सदस्यांना नाव, रंग आणि कामाची दिशा, सगळेच बदलायचे होते. आधीच पदवी घेऊन बाहेर पडलेल्या नेली क्वांडर यांना ते मुळीच पटले नाही. त्या बावीस जणींनी १३ जानेवारी १९१३ रोजी 'डेल्टा सिग्मा थीटा' ही वेगळी संस्था काढली. क्वांडर यांनी त्याच महिन्याच्या २९ तारखेला मूळ संस्थेची नोंदणी करून तिचे नाव कायमचे पक्के केले. नव्या संस्थेचे पहिले जाहीर काम म्हणजे ३ मार्च १९१३ रोजी वॉशिंग्टनमध्ये निघालेल्या स्त्री-मताधिकाराच्या मोर्चात चालणे. त्या मोर्चात काळ्या स्त्रियांनी मागे चालावे, असा आयोजकांकडून आग्रह होत होता. गंमत अशी, की त्याआधी आयोजक अ‍ॅलिस पॉल यांना पत्र लिहून हॉवर्डच्या मुलींसाठी मानाची जागा मागणारी बाई दुसरी कुणी नसून नेली क्वांडर याच होत्या.

मला मात्र या सगळ्या इतिहासात मिसिसिपीचे प्रकरण सर्वांत मोलाचे वाटते. आयडा लुईस जॅक्सन मिसिसिपीतल्या व्हिक्सबर्गच्या. पुढे कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहराच्या शाळांतल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय शिक्षिका झाल्या. 'अल्फा कप्पा अल्फा'च्या राष्ट्रीय अध्यक्ष असताना १९३४ च्या उन्हाळ्यात त्यांनी आपल्या मूळ राज्यात, होम्स परगण्यातल्या लेक्सिंग्टन गावी, खेड्यातल्या शिक्षकांसाठी वर्ग भरवले. तिथे एक गोष्ट लख्ख दिसली: मुले उपाशी आणि आजारी असताना शिक्षक कितीही चांगले घडवले, तरी उपयोग नव्हता. पुढच्या वर्षी दवाखाना काढायचे ठरले आणि त्याची सूत्रे वॉशिंग्टनच्या डॉक्टर डोरोथी बोल्डिंग फेरेबी यांच्याकडे गेली. टफ्ट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १९२४ मध्ये उत्तम रीतीने उत्तीर्ण होऊनही गोऱ्यांच्या रुग्णालयांनी त्यांना उमेदवारीसाठी घेतले नव्हते.

१९३५ च्या उन्हाळ्यात डॉक्टर, परिचारिका आणि शिक्षिका यांचा हा जथा स्वतःच्या मोटारी हाकत सुमारे हजार मैल दक्षिणेकडे गेला. वाटेत काळ्या माणसाला खोली, जेवण किंवा साधे प्रसाधनगृह मिळेलच याची खात्री नव्हती. लेक्सिंग्टनला पोहोचल्यावर नवीच अडचण उभी राहिली. शेजारच्या आर्कान्सामध्ये आदल्याच वर्षी कुळांची संघटना उभी राहिली असल्यामुळे कापसाच्या मळ्यांचे मालक आधीच सावध होते. राजधानीतून आलेल्या या शिकलेल्या काळ्या बाया आपल्या माणसांना चिथावतील, असा त्यांना संशय होता. त्यांनी कुळांना दवाखान्यात जाऊ देण्याचे नाकारले. अर्धेलीने कसणारा, दुकानाच्या उधारीत वर्षानुवर्षे अडकलेला माणूस मालकाचा शब्द मोडून जाणार तरी कुठे?

मग फेरेबींनी दवाखानाच उचलला. लशी, औषधे आणि टेबले मोटारींत भरून त्या एकेका मळ्यावर जाऊ लागल्या आणि कधी चर्चपाशी, कधी रानाच्या कडेला मुलांची रांग लावू लागल्या. या बाया मुलांना काय विचारतात, हे ऐकायला मळ्याचे मुकादम घोड्यावरून, कमरेला पिस्तूल लावून, अधूनमधून येऊन उभे राहत. मुकादम हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. ऊसतोडीच्या फडात जो अर्थ त्याला चिकटला आहे, त्याहून तिथला अर्थ फारसा वेगळा नव्हता. चाके लावलेल्या दवाखान्याला आज आपण सहज 'मोबाइल क्लिनिक' म्हणतो. इथे ती कल्पना कुणाच्या प्रकल्प-अहवालातून आली नव्हती. समोरची वाट अडवली गेली म्हणून ती निघाली.

मुलांना देवी आणि घटसर्पाची लस दिली जाई, दात तपासले जात, हिवतापावर औषध मिळे, आयांशी आहाराबद्दल बोलणे होई. माझ्या आजीच्या दंडावर देवी काढल्याचे रुपयाएवढे वण होते आणि लहानपणी त्यांवरून बोट फिरवायला मला आवडायचे. १९४२ पर्यंतच्या उन्हाळ्यांत तशाच खुणा सुमारे १५,००० मुलांच्या दंडांवर या बायांनी उमटवल्या. आहाराचा प्रश्न अधिक अवघड होता. मक्याचे पीठ, काकवी आणि खारवलेल्या डुकराची चरबी यांवर जगणाऱ्या त्या मुलखात पेलाग्रा हा जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग सर्रास होता. तोच रोग ज्वारीवर भागवणाऱ्या दख्खनच्या काही भागांतही एकेकाळी आढळत असे. भाजी खा, दूध प्या, असे सांगणे सोपे आहे, पण झोपडीच्या उंबऱ्यापर्यंत मालकाचा कापूस लावलेला असेल, तर भाजी पिकवायची कुठे? वॉशिंग्टनच्या सुखवस्तू बायांनी खेडुतांना स्वच्छतेचे धडे द्यावेत, यात थोडा वरचढपणा होताच, असे मला वाटते. परंतु दर उन्हाळ्यात परत जाऊन तेच दारिद्र्य पाहणाऱ्या माणसाला रोगाचे मूळ दाखवून द्यावे लागत नाही.

१९३८ मध्ये याच संस्थेने नॉर्मा बॉइड यांच्या पुढाकाराने वॉशिंग्टनमध्ये नागरी हक्कांसाठी पाठपुरावा करणारे कार्यालय उघडले, हा मला त्याच अनुभवाचा पुढचा टप्पा वाटतो. दवाखाना मात्र १९४२ नंतर थांबला, कारण युद्धामुळे पेट्रोल आणि टायर यांवर नियंत्रण आले आणि जो दवाखाना मोटारीवरच चालत होता, त्याची मोटारच थांबली.

या संस्थांवर टीकाही भरपूर झाली आहे. सदस्य निवडताना एकेकाळी रंगाचा उजळपणा आणि घराणे पाहिले जाई, हा आरोप जुना आहे आणि नव्या मुलींच्या छळाचे प्रकार या वर्तुळात घडलेले आहेत. बाईंना मी याबद्दल जरा भीतभीतच विचारले. त्यांनी काही झाकले नाही. "माझ्या आईला घेतले नव्हते," एवढेच त्या म्हणाल्या आणि मोत्यांच्या सरावर बोटे ठेवून थोडा वेळ गप्प बसल्या.

मग त्यांनी कागदी रुमालात दोन लाडू बांधून घेतले, एक स्वतःला आणि एक नातीला. त्यांची शाखा शाळकरी मुलांसाठी शनिवार-रविवारच्या जेवणाची पाकिटे भरते. येत्या सोमवारी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीच्या सुट्टीत ते काम आहे. "सकाळी नऊला ये," त्या म्हणाल्या, "आणि पायांत बूट घाल, डबे जड असतात."