हुर्यो आणि टोमणा

सचिन तेंडुलकरला हुर्यो ऐकावी लागली ती त्याच्या स्वतःच्या गावात, वानखेडेवर. १९ मार्च २००६ रोजी इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत तो अवघी एक धाव काढून अँडरसनच्या चेंडूवर बाद झाला आणि मान खाली घालून परतू लागला, तेव्हा प्रेक्षकांच्या एका भागातून स्पष्ट ऐकू जाईल अशी हुर्यो उठली. त्याचा खांदा त्या काळात दुखत होता आणि मालिका संपल्यावर लगेचच लंडनमध्ये त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली, हे हुर्यो उडवणाऱ्यांना अर्थातच ठाऊक नव्हते. त्याच सामन्याच्या दुसऱ्या डावात भारताचा संघ १०० धावांत गारद झाला, त्यात सर्वाधिक ३४ धावा याच सचिनच्या होत्या, आणि तरीही सामना आपण २१२ धावांनी गमावला.

ज्या शहराने सचिनला सोडले नाही ते इतरांना काय सोडणार? त्यामुळे आपल्याच संघातल्या, धावांसाठी झगडणाऱ्या खेळाडूची हुर्यो उडवावी की नाही, हा वाद मुंबईत दर मोसमात नव्याने रंगतो आणि दर वेळी तो हक्काच्या मुद्द्यावर येऊन अडतो. ‘तिकिटाचे पैसे मोजले आहेत, मग ओरडायचेही नाही का?’ असे एक जण म्हणतो, ‘स्वतः एक चेंडू खेळून दाखव’ असे दुसरा म्हणतो, आणि दोघेही आपापल्या जागी खूश राहतात. मला हा हक्काचा प्रश्न फारसा महत्त्वाचा वाटत नाही. ओरडण्याचा हक्क आहेच. मला कुतूहल आहे ते एवढेच, की हुर्यो खेळाडूला नेमके सांगते तरी काय?

हे विचारण्याचे कारण असे, की मुंबईचे क्रिकेट गोड बोलण्यावर वाढलेले नाही. या शहरातल्या क्रिकेटपटूला बाहेरचे लोक ‘खडूस’ म्हणतात आणि तो ते बिरुद म्हणून मिरवतो. हा खडूसपणा मैदानात जितका शिकवला जातो तितकाच मैदानाच्या कडेला. रविवारी सकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून पाहावे. एका मैदानात अनेक सामने एकमेकांत मिसळून चाललेले असतात, एका सामन्याचा पॉइंट दुसऱ्या सामन्याच्या मिडविकेटला पाठ लावून उभा असतो, आणि कट्ट्यावर सत्तरीच्या आसपासचे काही गृहस्थ असे बसलेले असतात, की ज्यांच्यापैकी प्रत्येकाची रणजी संघातली निवड थोडक्यात हुकलेली असते. निदान तसा त्यांचा दावा असतो. अशाच एका सकाळी एक कोवळा फलंदाज ऑफस्पिनला जागच्या जागी उभा राहून बॅट लावत होता. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा चेंडू पॅडवर आदळला. कट्ट्यावरून आवाज आला, “अरे बाळा, डावा पाय घरी विसरून आलास का?” मुलाने मागे वळूनही न पाहता उत्तर दिले, “पाय आणलाय काका, पिचच उशिरा येतंय.” कट्टा हसला. पुढच्या चेंडूला मात्र त्याचा डावा पाय चांगला लांबपर्यंत गेला आणि चेंडू बॅटच्या मधोमध लागला. “हां, आता कसं!” असे म्हणून काकांनी शेंगदाण्याची पुडी पुढे सरकवली.

असा टोमणा खोचक असतो, पण त्यात मजकूर असतो. पाय हलत नाही, हा दोष त्यात सांगितलेला होता, आणि तो कसा सुधारावा हेही त्यातच आले. शिवाय टोमणा मारणाऱ्याला चेहरा असतो. त्याला उलट उत्तर मिळू शकते, ते झोंबले तरी हसून घ्यावे लागते, आणि आपला टोमणा चुकीचा ठरला तर पुढच्या रविवारी कट्ट्यावर त्याचीच टर उडते. तेहतीस हजारांच्या हुर्योत यातले काहीच नसते. कोणी उडवली ते कळत नाही, कशासाठी उडवली ते कळत नाही, आणि जो ती ऐकतो त्याला उत्तर देण्याची सोय नसते. डोके आधीच शंकांनी भरलेल्या फलंदाजाला ती एवढेच कळवते की तू वाईट खेळतो आहेस, आणि ही बातमी त्याला धावफलकाने कधीच दिलेली असते.

पुष्कळदा तर ती त्याच्याविषयी नसतेच. १ एप्रिल २०२४ रोजी वानखेडेवर राजस्थानविरुद्धच्या सामन्याला मी प्रेक्षकांत होतो. पाच वेळा आयपीएल जिंकून देणाऱ्या रोहित शर्माच्या जागी गुजरातहून परत आणलेल्या हार्दिक पंड्याला मुंबईचा कर्णधार केल्यानंतरचा घरच्या मैदानावरचा तो पहिला सामना. नाणेफेकीला संजय मांजरेकरांनी हार्दिकचे नाव घेताच अशी हुर्यो उठली, की त्यांना ध्वनिक्षेपकावरूनच प्रेक्षकांना नीट वागण्याची समज द्यावी लागली. मग खेळ सुरू झाला आणि बोल्टच्या चेंडूंपुढे रोहितसह तिघे शून्यावर गेले. ४ बाद २० अशा अवस्थेत हार्दिक फलंदाजीला आला, तेव्हा माझ्या पुढच्या रांगेत, मांडीवर ऑफिसची बॅग घेऊन बसलेले एक गृहस्थ दोन्ही हात तोंडाशी नेऊन पोटतिडकीने ओरडत होते. मी विचारले, “अहो, त्याचं काय चुकलं?” ते म्हणाले, “त्याचं काही नाही हो, पण रोहितला काढायला नको होतं.” मी म्हटले, “मग ते ज्यांनी काढलं त्यांना सांगा की.” त्यावर त्यांनी वरच्या काचेच्या कक्षांकडे पाहिले आणि म्हणाले, “ते कुठे दिसतात आपल्याला?” थोड्या वेळाने हार्दिकने चौकार मारला आणि हेच गृहस्थ बॅग सावरत उठून टाळ्या वाजवू लागले. मी पाहतो आहे असे लक्षात येताच काहीशा नाराजीने म्हणाले, “फोर आहे ना!” मुंबईची मजल जेमतेम १२५ पर्यंत गेली, हार्दिकच्या ३४ धावा त्यात सर्वाधिक होत्या, आणि सामना राजस्थानने सहज जिंकला. मैदानात असताना रोहितनेच प्रेक्षकांना हाताने खूण करून हे थांबवा असे सुचवल्याचे त्या रात्री सर्वांनी पाहिले.

त्या गृहस्थांचे म्हणणे मला प्रामाणिक वाटले, आणि खरी अडचणही तिथेच आहे. निर्णय घेणारे काचेआड असतात. मैदानाच्या मधोमध जो एकटा चालत येतो, त्याच्यावर सगळ्यांचा राग निघतो. अजित वाडेकरांच्या वाट्याला हेच आले होते. १९७१ साली त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने वेस्ट इंडीजमध्ये आणि इंग्लंडमध्ये प्रथमच मालिका जिंकली, तेव्हा मुंबईने त्यांची वाजतगाजत मिरवणूक काढली. १९७४ च्या दौऱ्यात लॉर्ड्सवर संघ ४२ धावांत आटोपला, तिन्ही कसोटी गेल्या, आणि त्यांच्या घरावर दगड आले. रवी शास्त्रींनी तर संथ फलंदाजीपायी देशभरातल्या मैदानांवर ‘हाय हाय’ ऐकले. मोर्च्यात मंत्र्याच्या नावामागे लावायचे शब्द आपण चक्क सलामीच्या फलंदाजाला बहाल केले होते. याच शास्त्रींनी जानेवारी १९८५ मध्ये वानखेडेवर बडोद्याविरुद्ध एका षटकात सहा षटकार मारले. ‘हाय हाय’ ऐकून ते घाईघाईने खेळायला शिकले, असे मात्र मला कोणी पटवू नये.

आता तिकिटाच्या पैशांचे. आयपीएलचे तिकीट परवडण्याजोगे राहिलेले नाही, हे खरे; विरारहून किंवा बदलापूरहून येणाऱ्याचा तर सगळा दिवस जातो. पण त्या पैशांत आपण जागा आणि खेळ विकत घेतो, निकाल नव्हे. निकाल आधी ठरलेला नसतो म्हणून तर आपण जातो, आणि ज्यांनी तो आधी ठरवला त्यांच्यामुळे २००० साली काय हलकल्लोळ झाला हे या देशाने पाहिले आहे. अशांची हुर्यो उडवायला माझी ना नाही. जो धावचीत होताना पळायचेच टाळतो, झेल जवळून जात असताना हात पुढे करत नाही, त्याच्याविरुद्ध ओरडण्यातही मला गैर वाटत नाही, कारण तिथे दोष इच्छेचा आहे. परंतु ज्याला मनापासून जमत नाही त्याला ओरडून जमवता येत नाही.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराचे प्रेक्षक याबाबतीत आपलेही गुरू आहेत. १९६८ मध्ये त्यांनी फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात आलेल्या सांताक्लॉजची हुर्यो उडवून त्याला बर्फाचे गोळे मारले होते. त्याच शहराच्या बेसबॉल संघाने ट्रे टर्नर नावाच्या खेळाडूशी ११ वर्षांचा, ३० कोटी डॉलरचा करार केला, आणि २०२३ च्या मोसमात त्याची फलंदाजी पार बिघडली. तेव्हा ४ ऑगस्टला, तो फलंदाजीला येताच, तिथल्या प्रेक्षकांनी ठरवून उभे राहून टाळ्यांचा गजर केला. टर्नर त्यानंतर मोसमभर झकास खेळला आणि त्याने शहरात फलक लावून प्रेक्षकांचे आभार मानले. या गोष्टीचा फार गवगवा होतो. मला तिचे कौतुक आहे, पण टाळ्यांनीच तो सावरला असे म्हणायला मी धजणार नाही, कारण चांगल्या खेळाडूचा फॉर्म बऱ्याचदा तसाही परततो. टाळ्यांमुळे निदान नुकसान झाले नाही, इतके मात्र नक्की.

म्हणूनच ४ जुलै २०२४ रोजी विश्वचषकाच्या मिरवणुकीनंतर त्याच वानखेडेवर ‘हार्दिक, हार्दिक’ असा जो गजर झाला, त्याला मुंबईकरांचे प्रायश्चित्त म्हणून गौरवणाऱ्यांशी मी सहमत नाही. पाच दिवसांपूर्वी बार्बाडोसमध्ये शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला १६ धावा हव्या होत्या आणि हार्दिकचा पहिलाच चेंडू ऑफस्टंपबाहेरचा फुलटॉस पडला. मिलरने तो उचलला, सूर्यकुमारने सीमारेषेवर तोल सांभाळत, चेंडू आत फेकून, पुन्हा आत येऊन झेलला, आणि भारत सात धावांनी जिंकला. सूर्यकुमारचा पाय चार बोटे मागे पडला असता तर तो षटकार होता. चेंडू तोच, गोलंदाज तोच, आणि त्याला मिळाली असती ती कदाचित आणखी एक हुर्यो. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर मात्र दोन्ही परिस्थितींत एकच वाक्य ऐकू आले असते: “शेवटच्या षटकात फुलटॉस टाकतात का रे?”