आमची वाटचाल : पगारवाढ आणि तिचं कारण

दोन लेथ (धातू कातायची यंत्रं) आणि तीन माणसं, एवढ्यावर आमचं वर्कशॉप सुरू झालं. कोणाला किती पगार आणि का, हे तिघांनाही ठाऊक होतं. पुढे माणसं वाढली, दुसरी शिफ्ट आली आणि ओव्हरटाइम कोणाला द्यायचा हे मी सुपरवायझरवर सोपवून मोकळा झालो. पगारवाढ मात्र मीच ठरवायचो, केबिनमध्ये एकटा बसून.

आमचे सगळ्यात जुने टर्नर, म्हणजे लेथ चालवणारे कारागीर, शिफ्ट संपली की व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं साधन) पुसून, तेलाचा हात फिरवून पेटीत ठेवायचे. एका संध्याकाळी ते व्हर्निअर मशीनवरच, धातूच्या किसात तसंच पडलेलं दिसलं. मी विचारलं, तर म्हणाले, "साहेब, पैसे कमी मिळाले त्याचं एवढं काही नाही. पण नव्या पोराला माझ्यापेक्षा जास्त वाढ कशी, हे तरी सांगायचं होतंत."

कारण होतं. तो मुलगा सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन, शिकला होता. पण ते मी कोणाला सांगितलंच नव्हतं.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. माणूस आपले कष्ट आणि मोबदला शेजारच्याशी ताडून बघतो, हे मानसशास्त्रज्ञ स्टेसी अॅडम्स यांनी 1963 मध्येच मांडलं होतं. कामाच्या ठिकाणच्या वागणुकीचे अभ्यासक जेराल्ड ग्रीनबर्ग यांचा 1990 चा अभ्यास तर मनातून जात नाही. दोन कारखान्यांत काही आठवडे पगार 15 टक्के कापला गेला. जिथे कारण नीट, मनापासून समजावलं, तिथे कामगारांच्या चोऱ्या दुसऱ्या कारखान्यापेक्षा बऱ्याच कमी झाल्या. कपात तर सारखीच होती!

आता ओव्हरटाइमची पाळी फळ्यावर लिहिलेली असते. वाढीचं पत्र हातात देण्याआधी मी प्रत्येकासोबत बसतो. सुरुवातीला सुपरवायझर नाराज झाला, आपला अधिकार गेला असं त्याला वाटलं. त्याची समजूत काढायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

रिजेक्शन, म्हणजे बाद होणारा माल, कमी झालंय. पण त्याच सुमारास मापं तपासायचे नवे गेजही घेतले, त्यामुळे सगळं श्रेय फळ्याला देता येणार नाही. व्हर्निअर मात्र रोज पेटीत असतं.

यंदा दोघांनी वाढ पटली नाही म्हणून पुन्हा बोलायला वेळ मागितला. एकाचा आकडा मी बदलला. दुसऱ्याचा नाही बदलला, आणि का नाही हे त्याला सांगायला मला पाऊण तास लागला.